खारींसाठी आणि कागदासाठी एकच रायफल

ग्रीन कार्ड २०२१ च्या जानेवारीत हातात पडलं आणि त्याच आठवड्यात मी रायफलींच्या किमती बघायला लागलो. बायको म्हणाली, "लोक अशा वेळी घर बघतात रे."

तिचं बरोबर होतं, पण मी अकरा वर्षं थांबलो होतो. एच-वन बीवर असताना अमेरिकेत बंदूक बाळगायला साधारणपणे बंदी असते. शिकारीचा चालू परवाना असेल तर त्यातून सूट आहे, हे मला माहीत होतं. वकिलाला विचारलं तर म्हणाला, कायद्याने चालेल, पण मला विचारशील तर थांब. मग थांबलो. तोवर साक्रामेंटोच्या बाहेरच्या एका रेंजवर जाऊन दुसऱ्यांच्या रायफली त्यांच्यासमोर, त्यांच्या परवानगीने चालवायच्या, एवढंच चालू होतं.

हा नाद लागला पुण्यात, एनसीसीत. पॉइंट टू टू रायफल, २५ यार्डांवरचं टार्गेट आणि पाच गोळ्या. उस्ताद यायचे, पाच भोकांवर हाताची बोटं ठेवून बघायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. एकदाच म्हणाले, "ठीक है." ते 'ठीक है' मी अजून जपून ठेवलंय.

रेंजवर एक निवृत्त गृहस्थ रोज असायचे. सत्तरी कधीच ओलांडलेली, कानावर दोन-दोन संरक्षणं आणि खिशात कायम बिस्किटं. मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणायचो, इथेही तेच म्हणतो. त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची मोडॉक काउंटीत लसूणघासाची शेती. कॅलिफोर्नियाचा हा अगदी ईशान्येचा कोपरा. आल्टुरस हे तिथलं मुख्य गाव, आमच्याकडून पाच-साडेपाच तासांवर, साडेचार हजार फुटांच्या आसपास उंच. सानफ्रान्सिस्को बघितलेल्या माणसाला हेही कॅलिफोर्नियाच आहे हे पटवून द्यावं लागतं. तिथे बेल्डिंग नावाची जमिनीवरची खार वसंतात बिळातून वर येते आणि कोवळ्या लसूणघासाचा फडशा पाडते. वर्षाचे सात-आठ महिने ती जमिनीखाली झोपलेली असते, त्यामुळे उरलेल्या चार महिन्यांत तिला बारा महिन्यांचं खायचं असतं. बिळांच्या तोंडाशी मातीचे उंचवटे होतात, कापणीच्या यंत्राची पाती त्यावर आपटतात. शेतकऱ्यापुढे दोनच मार्ग, विष घालणे किंवा आजोबांसारख्यांना बोलावणे. "पुढच्या एप्रिलला तू पण चल," आजोबा म्हणाले, "पण स्वतःची रायफल घेऊन."

आईला फोनवर सांगितलं. पलीकडे शांतता.

"खार? अरे, रामाची ना ती?"

"ही ती नाही आई. हिच्या पाठीवर पट्टे नाहीत, झाडावर चढत नाही, बिळात राहते. घुशीसारखी समज."

"मग घूस म्हण. खार कशाला म्हणतोस?"

त्या दिवसापासून आमच्या घरात मोडॉकच्या खारींना घुशी म्हणतात.

कागदपत्रांचा भाग लवकर आटोपतो. शिकारीच्या परवान्याआधी सक्तीचा हंटर एज्युकेशनचा कोर्स केला. बंदूक घेण्याआधी सेफ्टी सर्टिफिकेटची तीस प्रश्नांची परीक्षा दिली, ती डोळे उघडे ठेवले तर सुटते. आणि पैसे भरल्यावर दहा दिवस वाट बघायची. कॅलिफोर्नियात दहा दिवस म्हणजे दहा दिवस. खरी परीक्षा होती कॅलिबरची, म्हणजे कुठल्या मापाच्या काडतुसाची रायफल घ्यायची याची.

मला एकच रायफल हवी होती. दोन घ्यायला पैसे होते असं नाही आणि असते तरी घरात परवानगी नव्हती. त्या एका रायफलीने एप्रिलमध्ये शेतात खारी मारायच्या आणि उरलेलं वर्षभर रविवारी रेंजवर कागद. वरवर दोन्ही कामं सारखी वाटतात. दोन्हीकडे नेम, दोन्हीकडे लहान लक्ष्य. पण शेतातली खार मागच्या पायांवर उभी राहिली की जेमतेम वीतभर उंच आणि रुंदीला अडीच-तीन इंच, शंभर यार्डांपासून तीनशेपर्यंत कुठेही उगवते आणि चार सेकंदांत गायब होते. तिला हलकी, वेगवान गोळी लागते, जी जवळजवळ सरळ रेषेत जाईल, म्हणजे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी चालेल. कागद मात्र सहाशे यार्डांवर निवांत उभा असतो. त्याला घाई नसते. तिथे शत्रू एकच, वारा. आणि वाऱ्याला तोंड द्यायला लांब, जड, निमुळती गोळी हवी. थोडक्यात एकाच माणसाला शंभर मीटर आणि मॅरेथॉन दोन्हीत पळवायचं होतं.

पॉइंट टू टू आणि .१७ एचएमआर आधी बाद झाल्या. .१७ एचएमआर ही २००२ मध्ये आलेली गोड चीज आहे. आवाज कमी, धक्का जवळपास नाहीच, १७ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) चिमुकली गोळी सेकंदाला २,५५० फुटांनी सुटते. पण दीडशे यार्डांपुढे वाऱ्याची झुळूक आली की ती कुठे जाईल ते तिलाच ठाऊक. शिवाय ही दोन्ही रिमफायर, म्हणजे पेटवायचा मसाला पुंगळीच्या कडेत असलेली काडतुसं, त्यांची पुंगळी पुन्हा भरता येत नाही.

आजोबांचं मत ठाम होतं, .२२-२५०. त्याला 'ट्वेंटी-टू टू-फिफ्टी' म्हणायचं. नावाची गंमत अशी की .२५० सॅव्हेजची पुंगळी घेऊन तिची मान .२२ साठी आवळली, म्हणून हे नाव. कितीतरी वर्षं हौशी लोक घरीच ती बनवत होते, १९६५ मध्ये रेमिंग्टनने तिला अधिकृत केलं. ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला ३,७०० फुटांच्या आसपास जाते. तीच गोळी .२२३ मधून ३,२४० ने. आणि हो, 'तीच गोळी' हे शब्दशः खरं आहे. .२२-२५०, .२२३, .२२० स्विफ्ट, सगळ्यांच्या गोळीचा व्यास .२२४ इंचच असतो. कॅलिबरची नावं ठेवणाऱ्या माणसांना पत्रिका बघून नावं ठेवायची सवय असावी.

आजोबांनी आपली चाळीस वर्षं जुनी .२२-२५० माझ्या हातात दिली. त्यांच्याच शिशाच्या ५५ ग्रेनच्या पाच गोळ्या मी शंभर यार्डांवर सोडल्या. पाचही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. मला घाम फुटला. मनात रायफल विकत घेऊन झाली होती.

मग मी माझ्या पिशवीतून शेतासाठी आणलेली खोकी काढली. इथे कायदा आडवा येतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही रानटी प्राण्यावर शिशाची गोळी चालवता येत नाही. २०१३ च्या कायद्याची ही शेवटची पायरी. कारण कॉन्डोर नावाचं गिधाड. १९८२ मध्ये जगात ते २२ च उरले होते. शिकाऱ्याने टाकून दिलेल्या आतड्यांत किंवा मेलेल्या खारीत शिशाचे कण राहतात, गिधाडं, गरुड, ससाणे ते खातात आणि विषबाधेने मरतात. मोडॉकच्या शेतात दुपारी मेलेल्या खारी उचलायला गरुड येतात, हे पुढे मी स्वतः पाहिलं, तेव्हा कायद्याबद्दलची कुरकुर थांबवली. रेंजवर कागदाला मात्र शिसं चालतं.

तर माझी खोकी होती संपूर्ण तांब्याच्या गोळ्यांची, ५५ ग्रेनच. वजन सारखं, कॅलिबर सारखं, मला वाटलं फारसा फरक पडणार नाही. पाच गोळ्या सोडल्या. दुर्बिणीतून बघितलं तर कागदावर तीनच भोकं आणि त्यातली दोन लांबट, दरवाजाच्या किल्लीच्या भोकासारखी. गोळी आडवी होऊन कागदात घुसली होती. उरलेल्या दोन कुठे गेल्या ते देव जाणे.

आजोबांनी कपाळाला हात लावला. "पीळ," ते म्हणाले.

रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते आणि म्हणून सरळ जाते. किती इंचांत एक फेरा पूर्ण होतो तो त्या नळीचा पीळ. आजोबांनी कधी मोजलाच नव्हता, गरजच पडली नव्हती. आम्ही तिथेच मोजला. साफ करायच्या सळईला घट्ट चिंधी लावली, सळईवर खूण केली आणि सळई स्वतःभोवती एक पूर्ण फेरा घेईपर्यंत आत ढकलली. चौदा इंच. जुन्या .२२-२५० मध्ये तोच पीळ असायचा, कारण तेव्हा ५५ ग्रेनपेक्षा जड काही कोणी वापरतच नव्हतं.

आता तांबं शिशापेक्षा हलकं. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी करायची तर ती लांब होते. आणि गोळीला किती पीळ लागतो ते तिच्या वजनावर नाही, लांबीवर ठरतं. हे १८७९ मध्ये ग्रीनहिल नावाच्या इंग्रज गणितज्ञाने सूत्रात मांडून ठेवलंय, तोफगोळ्यांसाठी. लांबुळका भोवरा जास्त जोरात फिरवावा लागतो, नाहीतर डुगडुगतो, हे आम्हाला गल्लीत वयाच्या आठव्या वर्षी कळलं होतं. फक्त ते इथे लागू पडतं हे बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

त्या संध्याकाळपासून माझा प्रश्न बदलला. कॅलिबर कोणतं, हे मागे पडलं. पीळ किती आणि त्या पिळाची नळी कुठल्या कॅलिबरमध्ये सहज मिळते, हे शोधायला लागलो.

एका दुकानात गेलो. .२२३ ची बोल्ट रायफल, सुंदर अक्रोडाचा दस्ता, किंमतही बेताची. विक्रेत्याला पीळ विचारला. म्हणाला, "सगळ्यांचा सारखाच असतो." मी मोबाइलचा दिवा लावून नळीवरची बारीक अक्षरं वाचली तर १-१२. बारा इंचांत एक. शेतातल्या हलक्या गोळीला पुरेसा, पण रेंजवर ७७ ग्रेनच्या गोळीने तिथेही किल्लीचीच भोकं पाडली असती. विक्रेता मग मला .२४३ कडे घेऊन गेला. हरणालाही चालेल, कोयोटीलाही चालेल, म्हणाला. खोटं नव्हतं. .२४३ विंचेस्टर १९५५ पासून याच दुहेरी कामासाठी प्रसिद्ध आहे, .३०८ ची मान आवळून केलेली. पण मला हरीण नको होतं. चांगल्या दिवशी शेतात माणूस सकाळभरात दीड-दोनशे गोळ्या सोडतो. .२४३ च्या खांद्यावरच्या धक्क्याने तितक्या गोळ्यांनंतर चहाचा कप उचलायला दुसरा हात लागेल. आणि धक्का मोठा असला की दुर्बिणीतून लक्ष्य सुटतं, आपली गोळी कुठे पडली ते दिसत नाही. एकट्याने नेम सुधारायचा तर ते दिसणं फार मोलाचं.

.२०४ रूगरने मला दोन आठवडे भुलवलं, हे कबूल करतो. २००४ मधलं अपत्य, ३२ ग्रेनची गोळी ४,२२५ फुटांनी, असं कंपनीचं म्हणणं. शेतात त्याला तोड नाही. पण रेंजवर? जड गोळ्याच नाहीत त्यात.

शेवटी हिशोब मांडला, वहीत, रात्री मुलं झोपल्यावर. एका पौंडाच्या डब्यात ७,००० ग्रेन बंदुकीची दारू. .२२३ ला साधारण २५ ग्रेन लागते, .२२-२५० ला ३५. म्हणजे एका डब्यात एकीकडे २८० काडतुसं, दुसरीकडे २००. जास्त दारू जाळली की नळीचा घसा लवकर झिजतो आणि लवकर तापतो. नळी तापली की तिच्यावरून गरम हवा उठते, दुर्बिणीत खार पाण्याखाली असल्यासारखी हलायला लागते, मग दहा मिनिटं थांबा. त्यात २०२१ साली अमेरिकेत दारूगोळ्याचा दुष्काळ. हजार प्रायमरचं (दारू पेटवणाऱ्या टोप्यांचं) खोकं, जे पूर्वी पस्तीस-चाळीस डॉलरला मिळायचं, त्याला लोक शंभरावर मागत होते. .२२-२५० ची काडतुसं तीन दुकानांत नव्हती. .२२३ महाग होती, पण होती, कारण ती लष्कराच्या ५.५६ ची चुलत बहीण. (चुलतच, सख्खी नव्हे. .२२३ असं कोरलेल्या नळीत ५.५६ चं काडतूस घालायचं नाही, दाब वाढतो.)

आणि रेंजवरच्या रविवारच्या स्पर्धेने उरलेली शंका मिटवली. एफ-टीआर या प्रकारात दोनच काडतुसं चालतात, .२२३ आणि .३०८. सहाशे यार्डांवर दहा गुणांचं वर्तुळ सहा इंचांचं. झोपून, पुढे दोन पायांचा टेकू लावून मारायचं. .२२-२५० असती तर मी त्या रांगेत बसूच शकलो नसतो.

.२२३, हे ठरलं. उरला पीळ, सात, आठ की नऊ? जास्तच पीळ घ्या, सगळ्याच गोळ्या चालतील, असं मला वाटलं. रेंजवरच्या एका तरुणाची सात इंची पिळाची नळी होती. त्याने माझ्यासमोर पातळ कवचाची, शिशाची हलकी ४० ग्रेनची गोळी मारली. धूळ नाही, भोक नाही. लक्ष्याच्या अर्ध्या वाटेवर हवेत राखाडी रेघ उमटली आणि विरली. गोळी स्वतःच्या फिरण्याने फुटली होती. हिशोब सोपा आहे, वेग गुणिले ७२०, भागिले पीळ. ३,७०० फुटांना सात इंच लावले तर मिनिटाला पावणेचार लाखांच्या वर फेरे होतात. मी आठ घेतली. नऊमध्ये ७७ ग्रेन काठावर पास होते, मला काठ नको होता.

दहा दिवसांनी रायफल घरी आली. जड नळी, प्लास्टिकसारखा कुरूप दस्ता. अक्रोडाची आठवण येते अजून.

शेतासाठी कुठली गोळी, हा प्रकार वेगळाच निघाला. अख्ख्या तांब्याची गोळी आठ इंची पिळात सुरेख गट देत होती, म्हणजे भोकं जवळजवळ पाडत होती, पण आजोबांनी ती शेतात मारू दिली नाही. सपाट रान, मधे पाण्याचे लांब फिरते पाइप, पलीकडच्या कुंपणाआड गाई. घन तांबं खारीतून आरपार जाऊन जमिनीवर टप्पा घेऊ शकतं. त्याऐवजी दाबलेल्या तांब्या-कथिलाच्या भुकटीची, लागताच चुरा होणारी ३६ ग्रेनची गोळी घेतली. गट थोडा सैल, शंभर यार्डांवर सव्वा इंच. खार अडीच इंचांची धरली तर दोनशे यार्डांपर्यंत मी प्रामाणिक आणि त्यापुढे नशिबावर. अडीचशेला सीमा आखून घेतली. त्यापुढची खार वाचली, तिला लसूणघास लखलाभ.

कागदासाठी ७७ ग्रेन, शिशाची. ८० ची गोळी जास्त चांगली वारा कापते, पण इतकी लांब की ती लावलेलं काडतूस मॅगझिनमध्ये मावत नाही, एकेक हाताने भरावं लागतं. स्पर्धेत तसंही एकेकच भरतात, पण मला तो जास्तीचा खटाटोप तेव्हा नको होता. यंदा ८० वर गेलोय.

२०२२ च्या एप्रिलमध्ये मोडॉक. पहाटे तापमान शून्याखाली, वॉर्नर डोंगरांवर बर्फ आणि जमिनीवर शिट्ट्या. खारी एकमेकींना शिट्टी मारून इशारा देतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या तासाला मी अकरा गोळ्यांत दोन. वारा डावीकडून, ताशी दहा मैल असावा, आणि ३६ ग्रेनची गोळी त्याच्या कडेवर बसून उजवीकडे निघून जायची. आजोबांची .२२-२५० माझ्या शेजारी दर वेळी मोठ्याने भुंकायची आणि तिकडे खार पडायची. त्यांनी जुन्या पिळाला झेपणारी ३५ ग्रेनची बिनशिशाची गोळी शोधून काढली होती. दहा गोळ्यांनी त्यांची नळी तापली आणि ते थर्मास उघडून बसले. तेव्हा कुठे माझी सरशी सुरू झाली. दुपारपर्यंत शेतकरी ट्रकमधून आला, कुंपणाशी थांबून मोजत बसला आणि आम्हाला पुढच्या वर्षीचं आमंत्रण देऊन गेला.

एका रायफलीची एक खोड मात्र सांगायला हवी. दोन गोळ्या, दोन झिरो, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीच्या (स्कोपच्या) नेमाच्या दोन वेगळ्या खुणा. ७७ ग्रेनची गोळी संथ, ती खाली पडते, तिच्यासाठी स्कोपचा नॉब वर चढवावा लागतो. ३६ ग्रेनची गोळी त्याच खुणेवर सोडली तर वरून जाते. स्कोपच्या झाकणाच्या आत मी पांढरी टेप चिकटवून दोन्ही आकडे लिहून ठेवलेत. एकाखाली 'घूस', दुसऱ्याखाली 'कागद'.

या एप्रिलला पहिलीच खार. एकशे ऐंशी यार्ड, वारा नाही, उभी, छातीशी हात बांधून. श्वास सोडला, चाप ओढला. तिच्या डोक्याच्या वितभर वर, मागच्या मातीत धूळ उडाली. ती हललीसुद्धा नाही, फक्त मान वळवून माझ्याकडे बघितलं.

आजोबा दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाले, "हा तुझा रविवारचा आकडा दिसतोय."

मी झाकण उघडून टेप वाचली आणि नॉब फिरवला. तोवर बिळाच्या तोंडाशी नुसती माती होती.